घरची पवनचक्की : आधी वारा, मग वाइंडिंग

पवनचक्की बांधायची म्हणून कोणी वर्कशॉपवर आलं, की पहिला प्रश्न असतो, "ताई, मॅग्नेट कुठे मिळतात?" मॅग्नेट मिळतात. वारा कुठे मिळतो ते आधी बघा.

माझं पुण्याजवळ भोसरीत मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळायचं काम आहे. वडिलांपासून चालत आलेलं. दिवसभर पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी येतात, त्या भरून जातात. दिवे घाट चढून गेल्यावर सासवडच्या अलीकडे पठारावर माझ्या दादाचं शेत आहे. तिथल्या घरावर दिवे, दोन पंखे, राउटर, मोबाईल आणि फवारणी पंपाची बॅटरी चालेल एवढी १.८ मीटर व्यासाची पवनचक्की मी बांधली आहे. खाली लिहिते ते सगळं त्याच मापाचं. पहिल्यांदा बांधणाऱ्याने यापेक्षा मोठी घेऊ नये.

वारा

वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. १.८ मीटरचा पंखा, म्हणजे चक्कीची पाती, फिरताना अडीच चौरस मीटरचं वर्तुळ व्यापतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे इथली हवा थोडी विरळ, घनमीटरला १.१ किलोच्या आसपास. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली मांडलं, की कुठलाही पंखा वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढूच शकत नाही. घरी बांधलेल्या यंत्रात पाती, वाइंडिंग, एसीचं डीसी करणारे डायोड, वायर असं सगळं वजा जाता पंचवीस टक्के हाती आले तर काम चांगलं झालं समजा. या हिशेबाने सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात जेमतेम ९ वॅट मिळतात, ५ मीटरला ४४, ८ मीटरला १८० आणि १० मीटरला ३५०.

हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा. "एक किलोवॅटची चक्की" म्हणून जे विकलं जातं, तो किलोवॅट कुठल्या वाऱ्याला, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुण्याचा वारा ऋतूंप्रमाणे बदलतो. जून ते ऑगस्ट नैऋत्य मोसमी वारा पश्चिमेकडून सलग वाहतो, आणि सह्याद्रीच्या जवळच्या उघड्या पठारांवर त्याला चांगला जोर असतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर मोठ्या पवनचक्क्यांची रांग उगाच उभी नाही. हिवाळ्यात मात्र रात्रीच्या रात्री पान हलत नाही. म्हणून नुसत्या पवनचक्कीवर घर चालवायचा विचार करू नका. एक किलोवॅट सोलर पुण्यात दिवसाला साधारण चार युनिट देतं, पण ढगाळ आषाढ-श्रावणात ते फार खाली येतं. नेमकं तेव्हाच पवनचक्कीचं काम सुरू होतं. सोलर आधी लावा, पवनचक्की जोडीला.

आता शहरातल्या गच्चीबद्दल. सदाशिव पेठेत, कोथरूडला, पिंपळे सौदागरला सहाव्या मजल्याच्या गच्चीवर आपल्याला वारा भरपूर लागतो, ते खरं आहे. पण तो भिंतींवर आपटून वर आलेला, गोल गोल फिरणारा वारा असतो. पंखा कधी इकडे तोंड करतो, कधी तिकडे, आणि वेग कधी धरतच नाही. शिवाय त्याची थरथर स्लॅबमधून खालच्या घरात उतरते. पंखा आजूबाजूच्या १०० मीटरमधल्या सगळ्यात उंच झाडाच्या किंवा घराच्या निदान ९ मीटर वर हवा. ही अट जिथे पाळता येत नाही, तिथे सोलरच बरं. लोहगाव विमानतळाच्या परिसरात उंचीवर निर्बंध आहेत, तिथे खांबाचा विचार करण्याआधी चौकशी करा.

जागा पारखायला उंच बांबूला लांब, हलक्या कापडाची पट्टी बांधा. पट्टी एका दिशेला ताणून राहिली तर वारा स्वच्छ. ती वळवळत, फडफडत राहिली तर खांब अजून उंच हवा किंवा जागा बदलायला हवी. मग हातातलं वारामापक यंत्र घेऊन सकाळ, दुपार, रात्र असे आकडे वहीत लिहा, निदान एक पावसाळा आणि त्यापुढचा हिवाळा. वर्षाची सरासरी ३ मीटरच आली तर ही चक्की महिन्याला दहा-अकरा युनिट देईल. ४ मीटर आली तर पंचवीसच्या आसपास. हे गणिताने येणारे अंदाज आहेत, पण निर्णय घ्यायला पुरेसे आहेत.

जनरेटर

गाडीचा अल्टरनेटर वापरू का, असं फार जण विचारतात. नको. तो हजाराच्या पुढच्या फेऱ्यांसाठी बनवलेला असतो आणि स्वतःच्या फील्डलाच, म्हणजे चुंबक तयार करणाऱ्या कॉइललाच, करंट खातो. आपला पंखा मंद वाऱ्यात मिनिटाला दोनशे-सव्वादोनशे फेरे करणार. तेवढ्यात व्होल्टेज द्यायचं तर आपणच वाइंडिंग करायला हवं. दोन लोखंडी चकत्यांवर मॅग्नेट, आणि मधे लोखंड नसलेला, रेझिनमध्ये ओतलेला कॉइलचा स्टेटर, म्हणजे न फिरणारा भाग. लोखंडी गाभा नसल्यामुळे पंखा अडखळत नाही, झुळकीलाही सुटतो.

चकत्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या, ८ किंवा १० मिलिमीटर एमएस (साध्या पोलादी) प्लेटच्या. भोसरी एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याकडे ड्रॉइंग दिलं की भोकांसकट करून मिळतात. बेअरिंगसाठी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीचं मागचं हब आणि स्टब घ्या. नाना पेठेत नवे स्पेअर मिळतात. जुन्याची हरकत नसेल तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फिरा. हब हातात धरून फिरवा, खरखर लागली तर बेअरिंग बदलायचं धरूनच भाव करा.

प्रत्येक चकतीवर ८ निओडिमियम मॅग्नेट, ४६ × ३० × १० मिलिमीटरचे, लांब बाजू केंद्राकडे. उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे आलटून पालटून. प्लायवूडचा साचा कापून त्यात एकेक सरकवत बसवा, डोळ्याच्या अंदाजाने लावू नका. शेवटी एक सुटा मॅग्नेट घट्ट धरून सगळ्यांवरून फिरवा. एक ओढेल, पुढचा ढकलेल, असं आठही वेळा व्हायला हवं. दोन्ही चकत्या जोडताना समोरासमोरचे मॅग्नेट एकमेकांना ओढणारे हवेत.

हे मॅग्नेट बोट चेचू शकतात. दोन चकत्यांमध्ये हात सापडला तर हाडही मोडेल. पेसमेकर बसवलेल्या माणसाने त्यांच्या जवळ येऊ नये. मुलांना वर्कशॉपच्या बाहेर ठेवा. दुसरी चकती हाताने कधी बसवायची नाही. तिला तीन भोकं टॅप करून (आटे पाडून) घ्या, त्यात लांब स्टड घाला आणि ते तिन्ही सारखे फिरवत चकती हळूहळू खाली उतरवा. साधे निओडिमियम मॅग्नेट ८० अंश सेल्सिअसच्या वर जोर गमावू लागतात, म्हणून वेल्डिंगचं जे काम असेल ते मॅग्नेट चिकटवण्याआधी उरका.

आता वाइंडिंग. माझा जीव इथे रमतो, म्हणून सविस्तर सांगते.

आठ पोलला, म्हणजे एका चकतीवरच्या आठ मॅग्नेटला, सहा कॉइल, तीन फेज. एक आणि चार, दोन आणि पाच, तीन आणि सहा अशा समोरासमोरच्या कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकीचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला. सगळ्या एकाच दिशेने गुंडाळलेल्या. मग तिन्ही फेजची शेवटची टोकं एकत्र करून स्टार. प्रत्येक कॉइलच्या सुरुवातीच्या टोकाला एका रंगाची स्लीव्ह, शेवटाला दुसऱ्या रंगाची. रेझिन ओतल्यावर टोकं ओळखता येत नाहीत.

टर्न (वेढे) किती घ्यायचे, याचा तयार आकडा कुणाकडून घेऊ नका. मॅग्नेटची प्रत, चकत्यांमधलं अंतर, कॉइलचं माप यावर तो बदलतो. एक चाचणी कॉइल बनवा, १०० टर्नची. फॉर्मा लाकडाचा, मधलं भोक मॅग्नेटएवढंच, ४६ × ३०. कॉइलची जाडी १३ मिलिमीटरच्या आत ठेवा. आता मॅग्नेट लावलेल्या दोन्ही चकत्या स्पेसर घालून जोडा, लेथच्या चकमध्ये धरा आणि कॉइल लाकडी पट्टीला बांधून टूल पोस्टवरून मधल्या फटीत सोडा. त्याआधी लेथ स्वच्छ पुसून मॅग्नेटवर जाड टेप लावा, नाहीतर लोखंडाचा सगळा कीस त्यांना चिकटेल आणि कॉइल कापेल.

मिनिटाला २२० फेऱ्यांवर मीटर लावा. एवढे फेरे आपला पंखा ३ मीटर वाऱ्यात भाराविना घेतो. २४ व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायला सुरुवात होण्यासाठी डायोडच्या पलीकडे साधारण २६ व्होल्ट डीसी लागतात. दोन कॉइल सिरीजमध्ये, वर स्टार आणि थ्री-फेज रेक्टिफायर (डायोडांचा संच), हे सगळं मिळून एका कॉइलच्या एसी व्होल्टच्या सुमारे ४.७ पट डीसी होतं. म्हणजे एका कॉइलला ५.५ व्होल्ट हवेत. १०० टर्नला ४.६ आले, तर ५.५ भागिले ४.६ गुणिले १००, म्हणजे १२० टर्न. लेथला नेमका २२० चा वेग नसेल तर जवळचा घ्या आणि त्या प्रमाणात गणित करा, व्होल्ट फेऱ्यांच्या प्रमाणातच वाढतात.

वायर १७ गेज सुपर इनॅमल, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर. तापकीर गल्लीत किंवा कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते. स्वस्तातली, तांबं म्हणून विकलेली अॅल्युमिनियम वायर घेऊ नका, टोक खरवडून बघा. सहाही कॉइल गुंडाळून झाल्या की वजन करा. वजन सारखं आलं तर टर्न सारखे. वजन वेगळं लागलं तर ती कॉइल बाजूला ठेवा.

स्टेटर ओतायला प्लायवूडचा साचा, मेणाचं पॉलिश चोळून. खाली-वर फायबरग्लास मॅट, मधे कॉइल, आणि पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टर रेझिन. रेझिनमध्ये टाल्कम पावडर मिसळली की ते कमी तापतं. रेझिन घट्ट करायला घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, पेट घेतं. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. एप्रिल-मेच्या पुण्याच्या उन्हात रेझिन झटकन बसतं, म्हणून हार्डनर टक्काभरच आणि काम सकाळी. खिडक्या उघड्या, हातमोजे, गॉगल.

जोडणी झाल्यावर हाताने फिरवा. तिन्ही वायर सुट्या असताना ते सहज फिरायला हवं. कुठल्याही दोन जोडल्या तर गचके देत फिरेल. तिन्ही जोडल्या तर जड पण एकसारखं फिरेल. आणि तिन्ही जोड्यांवर व्होल्टेज सारखं. सारखं आलं नाही तर एखादी कॉइल उलटी जोडली गेली असेल.

पाती

पीव्हीसी पाइप कापून केलेली पाती शिकायला ठीक, पण उन्हात ती वाकतात आणि पुढे ठिसूळ होतात. लाकूड घ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शिवण किंवा चांगलं पाइन मिळतं. सागवान टिकतं पण जड पडतं. ६ इंच रुंद, २ इंच जाड, ९० सेंटिमीटर लांब फळी, गाठ नसलेली, रेषा सरळ टोकापर्यंत गेलेल्या.

तीन पात्यांची मापं अशी. केंद्रापासून २२ सेंटिमीटरवर रुंदी १५ सेंटिमीटर आणि कल १८ अंश. ४५ सेंटिमीटरवर रुंदी साडेनऊ-दहा, कल ८ अंश. टोकाला रुंदी ५, कल २-३ अंश. पुढची, वाऱ्याकडची बाजू सपाट, मागची फुगीर. सगळ्यात जाड भाग पुढच्या कडेपासून रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर, मागची कड शक्य तेवढी पातळ. रंधा, पटाशी आणि धीर, एवढंच लागतं. टोकाजवळचा हात नाजूक ठेवा, कारण बहुतेक वीज पात्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागातून येते.

जवस तेलाचे किंवा पीयू पॉलिशचे हात द्या, कापलेल्या टोकांना जास्त. मग तोल. पंखा आडवा धरून केंद्राखाली एका अणकुचीदार टोकावर ठेवा. जी बाजू खाली जाते तिच्या समोर शिशाचे तुकडे स्क्रूने बसवा, केंद्राजवळ. हे काम बंद खोलीत करा, कारण हवा लागली की तोल कळत नाही. १० मीटर वाऱ्यात पात्याचं टोक ताशी दोनशे किलोमीटरच्या वर धावत असतं. तोल चुकलेला पंखा खांब हलवतो, आणि हललेला खांब एक दिवस पडतो.

शेपूट आणि खांब

शेपटीचं काम पंख्याला वाऱ्यासमोर धरायचं, आणि वादळात त्याला वाऱ्यातून बाजूला वळू द्यायचं. त्यासाठी पंख्याचा अक्ष खांबाच्या मधोमध न ठेवता सुमारे १० सेंटिमीटर बाजूला घ्या, आणि शेपटीची बिजागरी उभ्या रेषेपासून २० अंश कललेली वेल्ड करा. वारा जोरात आला की पंखा बाजूला ढकलला जातो, शेपूट उचलली जाते. वारा उतरला की शेपटीचं वजनच पंख्याला परत समोर आणतं. शेपटीचं पान पंख्याच्या वर्तुळाच्या पाच ते दहा टक्के, दांडा मीटरभर. कधी वळायचं ते शेपटीच्या वजनावर ठरतं, म्हणून सुरुवातीला हलकी ठेवा.

खांब अडीच इंची, सी क्लास जीआय पाइपचा, बुडाशी बिजागरी, चार बाजूंना तारांचे ताण. मुळाशी आडवी काठी जोडून तिला ओढून उभा करायचा, तशीच पद्धत उतरवायलाही. खांबावर चढायची वेळ येता कामा नये. ताणाचे खुंटे खांबाच्या निम्म्या उंचीएवढे तरी लांब, काँक्रीटमध्ये. आमच्या पठारावर दोन फुटांवर मुरूम लागतो, तिथे पक्कं बसतं. काळ्या मातीत खड्डा मोठा आणि काँक्रीट जास्त लागेल, कारण पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उभारताना खांबाच्या लांबीच्या दीडपट अंतरात माणूस, जनावर, विजेची तार काही नको.

वायर आणि बॅटरी

पवनचक्की कधीही भाराविना सोडायची नाही. सोलरचा चार्ज कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनेल तोडतो. पॅनेलला ते चालतं, पण पवनचक्की तोडली तर ती मोकाट सुटते. म्हणून इथे डंप लोडचा कंट्रोलर हवा, जो जादा वीज हीटरमध्ये वळवतो. २४ व्होल्टला २.२ ओहमचा हीटर भरलेल्या बॅटरीच्या व्होल्टेजवर ३५० वॅटच्या वर खातो, तेवढा पुरतो. तो लाकडापासून आणि बॅटरीपासून दूर, लोखंडी पेटीत.

क्रम असा. चक्कीतून तीन वायर खाली, मग ब्रेक स्विच, मग रेक्टिफायर, मग फ्यूज, मग बॅटरी. ब्रेक स्विच तिन्ही वायर एकमेकींना जोडतो आणि पंखा जवळपास थांबतो. तो वारा मंद असताना दाबायचा, ऐन वादळात दाबला तर कॉइल जळू शकतात. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. खांबातून ४० मीटर वायर जात असेल तर ६ स्क्वेअर एमएममध्ये पूर्ण भाराला सुमारे नऊ टक्के वीज वाया जाते, १० मध्ये पाच. बॅटरी दोन, १२ व्होल्टच्या, १५० एएचच्या ट्युब्युलर, सिरीजमध्ये, हवेशीर जागी. वायर खांबातून नुसती लोंबती ठेवा आणि खाली प्लग द्या. वर्षाकाठी पीळ पडले तर ब्रेक लावून, प्लग काढून सोडवता येतात.

ही वीज घरातल्या महावितरणच्या लाइनला जोडायची नाही. लाइट गेलेली असताना आपली वीज उलटी तारेत गेली, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. बॅटरीचं वायरिंग आणि बोर्ड पूर्ण वेगळे ठेवा. खांबाला आणि ताणांना अर्थिंग द्या.

चैत्र-वैशाखात वळवाचा पाऊस येतो तेव्हा वारा मिनिटभरात दिशा आणि जोर दोन्ही बदलतो, वीजही पडते. दुपारी पूर्वेला ढग चढलेले दिसले की दादा ब्रेक लावतो. मृगाच्या आधी खांब एकदा खाली घेतो. पात्यांच्या पुढच्या कडा बघून पॉलिश देतो, बेअरिंगला ग्रीस, शेपटीच्या बिजागरीला ग्रीस, ताणाचे टर्नबकल (तार आवळायचे स्क्रू) आवळून त्यांना तारेने बांधतो, मॅग्नेटवर कुठे गंज फुगलाय का ते टॉर्चने बघतो. गंज दिसला तर चकती काढून साफ करून पुन्हा रेझिनचा थर द्यावा लागतो, कारण फुगलेला मॅग्नेट स्टेटरला घासायला लागला की कॉइलचं इनॅमल जातं आणि सगळं वाइंडिंग नव्याने करावं लागतं.